बंबावरच्या माणसाची स्मरणिका : कुणाला काय विचारावं, काय छापावं

माझा धंदा डीटीपीचा. भांडुप स्टेशनजवळच्या गाळ्यात लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, मंडळांच्या पावत्या आणि गेलेल्या माणसांच्या स्मरणिका लावत आले. स्मरणिकेचा मजकूर तर डोळे मिटून टाइप होईल. ‘मनमिळाऊ, कष्टाळू, सदैव हसतमुख.’ ‘त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी.’ नाव बदलायचं, फोटो बदलायचा, बाकी मागच्या फायलीतलं चालतं. गिऱ्हाइकालाही चालतं.

माझे सासरे मुंबई अग्निशमन दलात १९७३ ला लागले आणि २००८ च्या मे महिन्यात लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. ते गेल्यावर सगळे नातेवाईक म्हणाले, डीटीपीवाली घरातच आहे, तर चार पानं लावून टाक. मी लावली, पण मागची फाइल उघडली नाही. कशी लावली ते इथे सांगते. ज्यांच्या घरात बंबावरचा माणूस होता त्यांना उपयोग होईल. तो माणूस अजून हयात असेल तर फारच छान, निम्मं काम त्याच्यासमोर बसूनच होईल.

या माणसांच्या बाबतीत एक अडचण ठरलेली. त्यांचं कामावरचं आयुष्य घरच्यांनी पाहिलेलं नसतं, घरातलं सहकाऱ्यांनी पाहिलेलं नसतं, आणि ते स्वतः सांगत नाहीत. अण्णा पाळी संपवून आले आणि ‘काय होतं?’ विचारलं की उत्तर एकच : ‘काही नाही, लहानशी होती.’ ती लहानशी दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर असायची.

तेराव्याची घाई नको

तेराव्याला पुस्तिका वाटू या, असा आग्रह कुणीतरी धरतंच. नाही म्हणा. त्या दिवसांत घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि ज्यांना विचारायचं ती माणसं नुसती हात जोडून जातात. वर्षश्राद्धापर्यंत वेळ घ्या.

पेपरातली निधनाची नोंद मात्र लगेच द्यायची असते. तिच्यात ‘अग्निशमन दलातून निवृत्त’ एवढंच लिहून थांबू नका. हुद्दा लिहा, शेवटचं केंद्र लिहा, आणि दलात टोपणनाव असेल तर तेही. एकाच आडनावाची पुष्कळ माणसं दलात असतात. केंद्राचं नाव वाचलं की ओळख पटते आणि फोन यायला लागतात. ते सगळे नंबर एका वहीत उतरवून ठेवा, कारण पुढे तीच वही कामाला येते.

दुसरं, मोबाइल. नंबर बंद करायची घाई करू नका. रिचार्ज थांबला की काही महिन्यांत तो नंबर दुसऱ्या कुणाला जाऊ शकतो, आणि जुने सहकारी त्याच नंबरावर फोन करत असतात. व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप वेगळे काढून दोन ठिकाणी जपा. आमच्याकडे अण्णांचे निरोप बहुतेक बाजारातून आलेले. ‘सुरमई महाग आहे, बांगडे घेऊ का, लवकर सांग.’ स्मरणिकेत आवाज छापता येत नाही हे खरं, पण वाक्य छापता येतं. मी ते छापलं.

तिसरं, कपाट. युनिफॉर्म, पट्ट्याचं बक्कल, शिट्टी, खांद्यावरच्या पट्ट्या, जे काही घरी राहिलं असेल ते धुऊन पुसून चकचकीत करायचा मोह होतो. आधी आहे तसे फोटो काढा. कागद एका फोल्डरमध्ये घाला : नेमणुकीचं पत्र, बदल्यांचे आदेश, प्रशिक्षणाचे दाखले, प्रशस्तिपत्रकं, पेन्शनचे कागद. पेन्शनच्या खेपांमुळे बऱ्याच घरांत सर्व्हिस बुकाच्या झेरॉक्स सापडतात. पुढच्या सगळ्या कामाचा कणा हाच कागद आहे, कारण कुठल्या साली माणूस कुठल्या केंद्रावर होता ते त्याच्यावरून कळतं.

फोटोंबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण लोक इथेच घोटाळे करतात. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो. पानासकटच स्कॅन करा. पासपोर्टएवढे लहान फोटो ६०० डीपीआयवर, मोठे ३०० वर. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने टाकलेली तारीख, कुणाची तरी सही, असं काहीतरी तिथे असतं. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवाल तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा. नाहीतर तो दाबला जाऊन येतो आणि छापल्यावर चेहरा पुसट होतो.

निवृत्तीच्या दिवशीचा, शाल आणि नारळ घेतलेला ग्रुप फोटो प्रत्येकाकडे असतो. त्यातली नावं मूळ फोटोवर लिहू नका. मोठ्या झेरॉक्स काढा, प्रत्येक डोक्यावर आकडा टाका, आणि वेगवेगळ्या सहकाऱ्यांना एकेक द्या. सगळ्या परत आल्या की ताडून बघा. आमच्या फोटोतल्या मागच्या रांगेतल्या एका माणसाला तीन वेगळी नावं मिळाली. शेवटी तो कॅन्टीनवाला निघाला.

आधी त्यांच्या माणसांकडे

घरच्यांना नंतर विचारा. सहकारी वयाने थकलेले असतात, कुणी गावी गेलेला असतो, कुणाला ऐकू कमी येतं. म्हणून आधी ते.

एकेकाचं घर शोधत फिरण्यापेक्षा १४ एप्रिलची वाट बघा. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग विझवायला गेलेली माणसं तिथेच असताना, दुपारी चार वाजून गेल्यावर बोटीचा स्फोट झाला, आणि थोड्या वेळाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. अण्णांचा जन्म १९५० चा, म्हणजे ही माणसं गेली त्यानंतरचा. तरी निवृत्तीनंतरही ते त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून भायखळ्याच्या मुख्यालयातल्या स्मारकापाशी जायचे, आणि तिथे त्यांच्या वयाची मंडळी भेटायची. अण्णा गेल्यानंतरच्या १४ एप्रिलला मी आणि माझा नवरा तिथे गेलो. जुनी मंडळी एकाच ठिकाणी भेटली आणि वही भरली.

आता विचारायचं काय? ‘अण्णा कसे होते हो?’ असं विचारलंत तर ‘देवमाणूस’ हे उत्तर येईल आणि चहा येईल. दोन्हींनी पान भरत नाही. हातापायांचे प्रश्न विचारा. गाडीवर कुठल्या बाजूला बसायचे? घंटा झाली की बूट आधी की पट्टा आधी? होज, म्हणजे पाण्याचा लांब पाइप, कोण उलगडायचं? ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाचं नोझल, कोण धरायचं? जिन्यात धूर कोंडलेला असला तर पुढे कोण, मागे कोण? परत आल्यावर आधी काय करायचे : चहा, आंघोळ, की होज धुऊन वाळत टाकणं? शिव्या कुणाला घालायचे?

असा प्रश्न विचारल्यावर अण्णांबरोबर मांडवी केंद्रावर वर्षं काढलेले एक काका उठून उभेच राहिले. म्हणाले, ‘सूनबाई, जरा इकडे या, दाखवतो.’ माझ्या नवऱ्याला त्यांनी पुढे उभं केलं, हातात छत्री दिली, आणि स्वतः त्याच्या पाठीला खांदा लावून उभे राहिले. पाण्याचा दाब आला की नोझल मागे रेटतं, एकट्याला ते धरवत नाही. मागचा माणूस तो सगळा जोर अंगावर घेतो, पुढच्याला पाय रोवू देतो, होज ओढून देतो आणि मागे वळायची वेळ आली की पाठीवर थाप मारतो. अण्णा वर्षानुवर्षं त्या मागच्या जागेवर होते. काका म्हणाले, ‘पेपरात फोटो येतो तो पुढच्याचा. आमचा अण्णा नेहमी त्याच्या मागे. त्याचा फोटो तुम्हाला मिळायचा नाही.’ खरंच मिळाला नाही. मी ते छत्रीचं प्रात्यक्षिकच छापलं, काकांच्याच शब्दांत, आणि पूर्ण पुस्तिकेत लोकांनी सगळ्यात जास्त वाचलेलं पान ते आहे.

ड्रायव्हरला चुकवू नका. बाकीचे आत जातात तेव्हा तो गाडीपाशी पंप सांभाळत असतो. कोण कधी आत गेलं, कोण कितव्यांदा परत गेलं, हे त्याला पाठ असतं. शक्यतो दोघादोघांना एकत्र बसवा. एकटा माणूस भाषण करतो. दोघे असले की एक म्हणतो ‘तेव्हा पाऊस होता’, दुसरा म्हणतो ‘कुठला पाऊस, मे महिना होता’, आणि त्या भांडणातून खरी गोष्ट बाहेर येते. मोबाइलवर रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, पंखा बंद करा आणि फोन टेबलावर उताणा ठेवा. वरच्या खिशात ठेवलात तर फक्त कापडाचा आवाज येतो.

वर्दी, म्हणजे मदतीसाठी आलेला निरोप, काही फक्त आगीची नसते, तेव्हा तेही विचारा. पावसात पडलेली झाडं, बंद पडलेली लिफ्ट, आतून कडी लागलेलं दार आणि आत तान्हं पोर, संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेली घार, कोसळलेली इमारत. अण्णांना म्हणे ग्रिलमध्ये डोकं अडकलेल्या पोरांचं काम फार आवडायचं. कटर काढायच्या आधी ते त्या पोराला विचारायचे, ‘शाळा बुडवायला अडकलास ना?’ हे आम्हाला घरी कधीच कळलं नव्हतं.

एक पथ्य पाळा. बोलता बोलता काही जण मध्येच गप्प होतात. तिथे ‘मग पुढे काय झालं?’ असं खोदू नका. रेकॉर्डिंग बंद करा, विषय बदलू द्या. त्यांनी आपणहून सांगितलं तरी आगीत गेलेल्या माणसांची नावं, घरं, ओळख पटेल असं काही छापू नका. त्यांचेही घरचे याच शहरात राहतात.

मग घर

घरच्या माणसांना समोर खुर्चीत बसवून मुलाखत घेतलीत तर ती अवघडतात. माझ्या सासूबाईंनी सगळं सांगितलं ते मेथी निवडताना. त्यांना साल आठवत नाही, पण ‘ताई पोटात होती तेव्हा’, ‘गणपतीला गावी गेलो नाही त्या वर्षी’ असं सगळं पक्कं असतं. तसंच लिहून घ्या आणि साल नंतर शोधा.

भायखळ्याच्या क्वार्टर्समध्ये राहायच्या तेव्हा घंटा झाली की त्या आधी कान द्यायच्या : गाड्या किती निघाल्या? एकच निघाली तर भाजी नुसती झाकून ठेवायची. एकामागून एक सगळ्या निघाल्या की जेवण उचलून ठेवायचं आणि पोरांना झोपवायचं. घंटा ऐकून खाली धावत जाणारे बाबा पोरांना इतके सवयीचे होते, की पहिल्यांदा मावशीकडे राहायला गेलेल्या माझ्या नणंदेने रात्री विचारलं म्हणे, ‘तुमच्याकडे घंटा कधी होते?’

सुनेच्या, जावयाच्या आठवणी लोक घेत नाहीत. घ्या. आम्ही घरात मोठे झालेलो नसतो, म्हणून जे बाकीच्यांना दिसत नाही ते आम्हाला दिसतं. लग्न होऊन आले तेव्हा मला अण्णांच्या कितीतरी सवयी विचित्र वाटल्या होत्या. रात्री चपला दाराकडे तोंड करून ठेवायचे. सतरंजी मधोमध दुमडून मग गुंडाळायचे, कारण होज तशीच गुंडाळतात. कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेलो की बसायच्या आधी जिना बघून यायचे. भांडुपच्या आमच्या सोसायटीत जिन्यात ठेवलेल्या सायकली, कुंड्या, मोडकी कपाटं यांवरून त्यांनी सेक्रेटरीशी जे वैर धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. आज आमचा जिना रिकामा आहे. रात्री सगळे झोपले की उठून गॅसचा रेग्युलेटर तपासायचे, मी बंद केलाय हे माहीत असूनही. सुरुवातीला मला राग यायचा. माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्यांनी त्याला शिकवलेलं : गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण नाही, पंख्याचं नाही, काडी तर नाहीच. आधी रेग्युलेटर, मग खिडक्या, मग बाहेर. तो ते पाढ्यासारखं म्हणायचा. दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या अक्षरातला १०१ हा आकडा अजून चिकटवलेला आहे. त्याचा फोटो पुस्तिकेत घेतला.

२६ जुलै २००५ ला अण्णा विक्रोळी केंद्रावर होते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. सगळ्या घरांत त्या दिवसाच्या गोष्टी आहेत, तेव्हा पुराचं वर्णन करू नका, वाचणाऱ्याला ते ठाऊक आहे. तुमच्या माणसाचं तेवढं लिहा. अण्णा परत आले तेव्हा त्यांच्या तळपायांची कातडी पांढरी होऊन सुटायला आली होती. त्यांनी बादलीभर गरम पाणी मागितलं, पाय बुडवून बसले, आणि बसल्या बसल्या झोपले. कुणाला कुठून काढलं हे मला कळलं ते थेट या पुस्तिकेच्या वेळी, ड्रायव्हरकाकांकडून.

आणि हो, एखादा दोष लिहा. निर्दोष माणसावर कुणाचा विश्वास बसत नाही. अण्णा पोरांच्या शाळेत कधी गेले नाहीत, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरी नसायचे ते नसायचे, आणि फटाक्यांवरून भाऊबंदांशी भांडायचे. नवरा म्हणाला हे कशाला छापायचं? सासूबाई म्हणाल्या, ‘छाप. मी एकटीने उटणं लावलंय सगळ्यांना.’ ते वाक्यही छापलं.

तारखा ताडून बघा

माणूस गेल्यावर त्याच्या नावावर गोष्टी जमा व्हायला लागतात. आमच्या एका पुतण्याने ठामपणे सांगितलं की १२ मार्च १९९३ ला अण्णा शेअर बाजाराच्या इमारतीत होते. त्या दुपारी दीडपासून दोनेक तासांत मुंबईत ठिकठिकाणी बॉम्ब फुटले, २५७ माणसं गेली, आणि त्या पिढीतल्या प्रत्येक घरात शेअर बाजाराचं नाव आधी निघतं. पण सर्व्हिस बुकात अण्णा तेव्हा दादरला. दादरच्या सहकाऱ्याने सांगितलं की ते प्लाझा सिनेमाला गेले होते. दादरचं केंद्र आणि दादरचंच सिनेमागृह, म्हणजे जुळतं. प्लाझा लिहिलं.

तसंच २६/११ चं. पाहुण्यांपैकी अर्ध्यांना खात्री होती की ताजच्या खिडक्यांना शिड्या लावून माणसं उतरवणाऱ्यांत अण्णा होते. अण्णा सहा महिन्यांपूर्वीच निवृत्त झाले होते. त्या रात्री ते घरी टीव्हीसमोर बूट घालून बसलेले मी पाहिलेत. पडद्यावर शिडीवरची माणसं पाठमोरी दिसायची आणि अण्णा नुसत्या चढण्याच्या ढबीवरून त्यांची नावं सांगायचे. ‘हा आपला अमका. हा डावा पाय आधी टाकतो.’ खोटं मोठेपण लिहिलं असतं तर हे लिहायला जागाच उरली नसती.

तारीख पक्की करायला सर्व्हिस बुक, आणि मोठी घटना असेल तर त्या दिवसांतली वर्तमानपत्रं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टात टाउन हॉलमधलं एशियाटिकचं ग्रंथालय इथे जुनी वर्तमानपत्रं, नियतकालिकं बघता येतात. जायच्या आधी वेळ आणि नियम विचारून घ्या, आणि किमान महिना माहीत करून जा, नाहीतर दिवस फुकट जातो.

पदकांबाबत काटेकोर राहा. अग्निशमन सेवेची राष्ट्रपती पदकं शौर्यासाठी वेगळी आणि सेवेसाठी वेगळी असतात, आणि ती २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या निमित्ताने जाहीर होतात. घरातलं प्रशस्तिपत्रक वरिष्ठांनी दिलेलं असेल तर तेच लिहा, ‘राष्ट्रपती’ जोडू नका. दलातली माणसं ती ओळ आधी वाचतात. हुद्दाही कागदावर असेल तोच. लीडिंग फायरमनला प्रेमापोटी ऑफिसर केलंत तर केंद्रावर हसं होतं.

मांडणी केंद्रांप्रमाणे

जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह, अपत्ये, निवृत्ती, निधन हा साचा सोडा. बदल्यांप्रमाणे भाग पाडा. मुंबईत प्रत्येक केंद्राची आग वेगळी असते, त्यामुळे भाग आपोआप वेगळे होतात. मांडवी म्हणजे मशीद बंदरची गोदामं, मिरची-मसाल्याचा धूर, लाकडी जिन्यांच्या जुन्या इमारती आणि बंब शिरणार नाही अशा गल्ल्या. मिरचीचा धूर कसा लागतो हे सांगताना तिथले काका नुसत्या आठवणीने खोकले. विक्रोळी म्हणजे पावसाळ्यात डोंगरउतारावरच्या वस्त्यांवर येणाऱ्या दरडी. तुमच्या माणसाचं केंद्र देवनार असेल तर कचऱ्याच्या डोंगरांबद्दल विचारा. ती आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते.

त्या त्या केंद्राच्या भागातच घर घाला. आमच्याकडे ताई, म्हणजे माझी नणंद, भायखळ्याची, नवरा मांडवीच्या वेळचा, दादरला असताना दोघांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा, विक्रोळीला असताना मी आले. नोकरी आणि संसार असे दोन वेगळे विभाग केलेत की लोक एकच वाचतात.

लिहून झालं की विशेषणं शोधून काढा. ‘शूर’ दिसलं की विचारा, काय केलं म्हणून? ते लिहा आणि ‘शूर’ खोडा. ‘प्रेमळ’ दिसलं तर ‘बांगडे घेऊ का’ हा निरोप आहेच.

छपाई

ए-फाइव्ह आकार, मधोमध पिना. पानं चारच्या पटीत ठेवा : २४, २८, ३२. ३२ च्या वर जाऊ नका, वाचणारी मंडळी म्हातारी आहेत. म्हणूनच अक्षर १४ पॉइंटचं घ्या आणि ओळींत अंतर सोडा. प्रेसवाला १२ म्हणेल, ऐकू नका. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये लावलेली फाइल चार वर्षांनी दुसऱ्या मशिनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. पीडीएफ झाल्यावर जोडाक्षरं पुन्हा तपासा, विशेषतः ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’. ती फुटलेली असतात आणि पडद्यावर पटकन दिसत नाहीत. पक्क्या प्रुफाची छापील प्रत काढा आणि घरातल्या सगळ्यात खवट माणसाला द्या. नावांची पानं मात्र सहकाऱ्यांपैकी कुणाला तरी वाचायला द्या, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ त्यांनाच ठाऊक असतो. शंभर-सव्वाशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. पुष्कळ जास्त असतील तरच ऑफसेटचा विचार करा.

आतलं शेवटचं पान कोरं ठेवा. वर फक्त ‘तुमची आठवण’ एवढं लिहा आणि खाली फोन नंबर.

वाटप

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणाआधी लहानसा कार्यक्रम केला तर पुरे. माइक लागला की कुणीतरी ओळखीच्या नगरसेवकाला बोलावतो आणि मग त्याचंच भाषण होतं. माइक नको. पहिलं बोलायला ड्रायव्हरला सांगा, कारण त्याला आजवर कुणीच आधी बोलायला सांगितलेलं नसतं. एक प्रत ज्या ज्या केंद्रावर नोकरी झाली तिथे नेऊन द्या, एक भायखळ्याला, दोन गावी. आमचं गाव संगमेश्वरकडे. गणपतीला गेलो तेव्हा नेल्या. तिथे अण्णा म्हणजे दर गणपतीला मुंबईहून सामान आणणारा माणूस, एवढीच ओळख होती.

प्रती वाटल्या की फोन यायला लागतात आणि बरेचसे चुका सांगणारे असतात. वाद घालू नका. तुमची स्वतःची एक प्रत घ्या, समासात लाल पेनाने टिपून ठेवा : कोण म्हणालं, कधी, काय. आमच्या प्रतीत मांडवीच्या भागाभोवती समास पुरले नाहीत, कागद जोडावे लागले. मिरचीच्या गोदामाची आग कुठल्या गल्लीतली, यावर दोन काकांचं एकमत अजून झालेलं नाही. दोन्ही गल्ल्या लिहून ठेवल्यात.

मूळ फाइल, फॉन्ट, सगळे स्कॅन आणि रेकॉर्डिंगं एका पेनड्राइव्हवर घालून नणंदेकडे दिली, दुसरी प्रत ढगात, म्हणजे क्लाउडवर, ठेवली. दुसरी आवृत्ती काढावी लागेल असं दिसतंय.